मेंदूच्या प्राणवायूचा हिशेब

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त आयोजित व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



शताब्दीच्या या व्याख्यानमालेत साहित्यिक, इतिहाससंशोधक आणि संगीतज्ञ यांच्या पंक्तीला एका भूलतज्ज्ञाला बसवण्याचे धाडस आपण केलेत, याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. माझा व्यवसायच असा की, माझ्यासमोर आलेला माणूस काही क्षणांत झोपी जातो. आज तसे घडू नये एवढीच इच्छा व्यक्त करून विषयाला हात घालतो.

विषय ऐकायला जरा अवजड आहे. मेंदूचा रक्तपुरवठा पूर्ववत करण्यासाठी शस्त्रक्रिया चालू असताना, मेंदूच्या पेशींपर्यंत प्राणवायू पोहोचतो आहे की नाही हे कसे मोजतात, आणि त्या मोजमापावर कितपत विश्वास ठेवावा, असा तो आहे. ग्रंथालयाच्या व्यासपीठाशी त्याचा काय संबंध, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. तो संबंध आहे. शेवटी मी त्याकडे येईन.

सन २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे आपण कोणीच विसरणार नाही. त्या काळात घरोघरी चिमट्यासारखे एक लहानसे यंत्र आले. बोटाला लावायचे आणि आकडा वाचायचा. सत्त्याण्णव आला की जीव भांड्यात पडायचा, नव्वदच्या खाली गेला की घरात धावाधाव सुरू व्हायची. या यंत्राचे तत्त्व जपानमधील ताकुओ आओयागी या अभियंत्याने १९७४ मध्ये मांडले. योगायोग असा की, २०२० च्या एप्रिल महिन्यात, ज्या वेळी साऱ्या जगाला त्यांच्या शोधाची सर्वांत अधिक गरज भासत होती, त्याच वेळी त्यांचे निधन झाले.

हे यंत्र काय सांगते? हृदयाकडून बोटाकडे येणाऱ्या रक्तात प्राणवायू किती भरलेला आहे, एवढेच. ते रक्त मेंदूपर्यंत पोहोचते की नाही, हे ते सांगत नाही. आपल्या शहरातलाच दाखला देतो. उस्मानसागर काठोकाठ भरला आहे, ही बातमी आनंदाची खरी. पण म्हणून आपल्या गल्लीतल्या नळाला पाणी येईलच असे नाही. मधली नळवाहिनी तुंबलेली असली, तर तलाव भरलेला असूनही आपली घागर कोरडी राहते. मेंदूच्या बाबतीत नेमके हेच घडते. बोटावरचा आकडा अठ्ठ्याण्णव असतो आणि त्याच क्षणी मेंदूचा एखादा भाग गुदमरत असतो.

मेंदू हा मोठा खर्चिक अवयव आहे. त्याचे वजन सुमारे चौदाशे ग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के. पण विश्रांतीच्या स्थितीत शरीर जितका प्राणवायू वापरते त्याचा पाचवा हिस्सा एकटा मेंदू फस्त करतो. शंभर ग्रॅम मेंदूला दर मिनिटाला सुमारे पन्नास मिलिलिटर रक्त लागते. हा ओघ वीसच्या खाली आला की पेशींचे काम अडखळू लागते, आणि दहाच्या आसपास घसरला की पेशी मरू लागतात. या दोन पातळ्यांच्या मध्ये एक विलक्षण अवस्था असते. पेशी काम करीत नाही, पण ती मेलेलीही नसते. १९७० आणि १९८० च्या दशकांत लंडनमध्ये लिंडसे सायमन आणि त्यांचे सहकारी यांनी या अवस्थेचा अभ्यास केला, आणि ग्रहणाच्या परिभाषेतून तिच्यासाठी ‘उपच्छाया’ या अर्थाचा शब्द घेतला. ग्रहणात पूर्ण छायेच्या भोवती जसा अंधुक पट्टा असतो, तसाच हा मेंदूतला पट्टा. वेळेवर रक्त मिळाले तर तो पुन्हा उजळतो. न मिळाले तर कायमचा काळोखात जातो. मेंदूला रक्त परत मिळवून देण्याचा आमचा सारा खटाटोप या पट्ट्यासाठी असतो.

मेंदूकडे जाणाऱ्या मुख्य वाटा चार. त्यांपैकी मानेच्या पुढच्या भागातून, दोन्ही बाजूंनी वर जाणाऱ्या दोन धमन्या सर्वांत महत्त्वाच्या. त्यांना कॅरोटिड म्हणतात. ग्रीक भाषेत गुंगी किंवा ग्लानी या अर्थाचा जो शब्द आहे त्यावरून हे नाव आले, कारण त्या दाबल्या की माणूस शुद्ध हरपतो, हे प्राचीनांना ठाऊक होते. आपल्याकडे सुश्रुताने मर्मांचे वर्णन करताना मानेतील वाहिन्यांना फार वरचे स्थान दिले आहे. कंठनाडीच्या दोन्ही बाजूंच्या वाहिन्यांना इजा झाली तर मुकेपणा येतो, असे तो सांगतो. मुकेपणा हा शब्द लक्षात ठेवावा, अशी माझी विनंती आहे.

वय वाढते, रक्तदाब, मधुमेह, तंबाखू यांची साथ मिळते, आणि या धमनीच्या आतल्या बाजूला मेदाचा व चुन्याचा थर साचू लागतो. जुन्या नळात गंज साचावा तसा. मार्ग अरुंद होतो, आणि त्या थराचा एखादा कपचा सुटून मेंदूत जाऊन अडकतो. मग हात लुळा पडतो, तोंड वाकडे होते, वाचा जाते. कधी हे दहा मिनिटांत आपोआप ओसरते, आणि घरची माणसे म्हणतात, ‘अशक्तपणा असेल, झोपू द्या.’ मित्रहो, या ओसरलेल्या झटक्याइतका स्पष्ट इशारा निसर्ग क्वचितच देतो. तो आला की त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. न ओसरणाऱ्या झटक्यात तर गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

अरुंद झालेली ही धमनी उघडून आतला थर खरवडून काढता येईल, ही कल्पना १९५० च्या दशकात प्रत्यक्षात आली. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे मायकेल डिबेकी यांनी १९५३ मध्ये अशी शस्त्रक्रिया केली. १९५४ च्या मे महिन्यात लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात ईस्टकॉट, पिकरिंग आणि रॉब यांनी धमनीचा रोगट भाग काढून टोके पुन्हा जोडली. त्यांना एकच भीती होती. काम चालू असताना धमनीला चिमटा लावून रक्त थांबवावे लागणार. तेवढा वेळ मेंदू तग धरेल काय? म्हणून त्यांनी रुग्णेचे शरीर बर्फाने अठ्ठावीस अंश सेल्सिअसपर्यंत थंड केले, म्हणजे मेंदूची प्राणवायूची भूक मंदावेल.

या शस्त्रक्रियेचा उपयोग होतो काय, याचे निर्णायक उत्तर मिळायला १९९१ साल उजाडले. उत्तर अमेरिकेतील मोठ्या चाचणीत असे दिसले की, ज्यांना आधी झटका येऊन गेला आहे आणि ज्यांची धमनी सत्तर टक्क्यांहून अधिक अरुंद झाली आहे, अशा रुग्णांत केवळ औषधे घेणाऱ्यांपैकी सव्वीस टक्के लोकांना दोन वर्षांत त्याच बाजूचा पक्षाघात झाला. शस्त्रक्रिया झालेल्यांत हेच प्रमाण नऊ टक्के होते. उपाय खरा ठरला. पण ज्या संकटापासून वाचवायचे, ते संकट टेबलावरच ओढवण्याचा धोका या उपायात आहे. चिमटा लागल्यापासून तो निघेपर्यंतची साधारण अर्धा तासाची ती वेळ असते.

त्या अर्ध्या तासात मेंदूला दुसरीकडून रक्त मिळू शकते. मेंदूच्या तळाशी चारही वाटा एका कड्यात एकत्र येतात. टॉमस विलिस यांनी १६६४ मध्ये या कड्याचे वर्णन केले, आणि त्यांच्या ग्रंथातील चित्रे काढणाऱ्यांत पुढे वास्तुशिल्पी म्हणून गाजलेले क्रिस्टोफर रेन होते. कडे पूर्ण असेल तर एक वाट बंद झाली तरी दुसरीकडून रक्त वळते. पण पुष्कळ माणसांत ते अपुरे असते. ज्यांचे अपुरे आहे त्यांच्यासाठी शस्त्रक्रिया चालू असताना धमनीत एक बारीक नळी घालून रक्त वळवता येते. मग सर्वांनाच ती नळी का घालू नये? कारण नळी घालतानाच थराचा कपचा किंवा हवेचा बुडबुडा मेंदूत जाऊ शकतो. म्हणजे नळी कोणाला घालायची आणि कोणाला नाही, हे त्या काही मिनिटांत ठरवायचे असते. ते ठरवताना कशाकडे पाहायचे?

‘भूल दिलेल्या माणसाच्या कशाकडे पाहायचे?’ हा प्रश्न मित्रहो, याच हैदराबाद शहरात, सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी जगापुढे मांडला गेला होता. १८८८ आणि १८८९ मध्ये, सहावे निजाम महबूब अली खान यांच्या राजवटीत, रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने येथे क्लोरोफॉर्म आयोग बसले. दुसऱ्या आयोगासाठी निजामांनी पैसा दिला आणि लंडनच्या ‘लॅन्सेट’ने लॉडर ब्रंटन यांना येथे धाडले. लॉरींचे मत असे की, क्लोरोफॉर्म दिल्यावर फक्त श्वासाकडे पाहावे. आधी श्वास थांबतो, हृदय नंतर. लंडनची मंडळी म्हणत, नाडीकडे पाहा. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले, आणि आयोगाने लॉरींच्या बाजूने कौल दिला. पण टेबलावरचे काही रुग्ण श्वास चालू असतानाच अचानक दगावत राहिले. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले की, अर्धवट भुलेत क्लोरोफॉर्ममुळे हृदयाची लय बिघडून ते एकाएकी बंद पडू शकते. आयोगाने श्वासाकडे पाहावे असे सांगितले यात चूक नव्हती. श्वासाकडेच पाहिले की पुरे, असे सांगितले ही चूक होती. याच लॉरींच्या शिष्या डॉ. रूपाबाई फरदूनजी या जगातील अगदी पहिल्या महिला भूलतज्ज्ञांपैकी एक मानल्या जातात. आमच्या विद्याशाखेची इतकी जुनी मुळे या गावात आहेत, हे येथल्या पुष्कळांना ठाऊक नसते म्हणून मुद्दाम सांगितले.

आता मेंदूकडे परत येऊ. बंद कवटीच्या आत काय चालले आहे, हे कवटी न उघडता कसे पाहावे? याचे उत्तर अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात काम करणारे डच वंशाचे शास्त्रज्ञ फ्रान्स योब्सिस यांनी दिले. जेवणाच्या टेबलावरचे एक चपटे हाड उजेडासमोर धरले असता त्यातून प्रकाश आरपार येतो, हे त्यांच्या ध्यानात आले, अशी आठवण त्यांनी पुढे लिहून ठेवली आहे. लहानपणी आपण सर्वांनी बॅटरीवर तळहात ठेवून बोटे लालभडक झालेली पाहिली आहेत. पांढऱ्या प्रकाशातला तांबडा तेवढा मांसातून पार होतो. तांबड्याच्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश आणखी खोलवर जातो. कातडी आणि हाड दोन्ही भेदून जातो. १९७७ मध्ये योब्सिस यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवून दिले की, अशा प्रकाशाने मेंदूतल्या रक्ताचा प्राणवायू बाहेरून पाहता येतो.

त्याचे मर्म सोपे आहे. प्राणवायूने भरलेले हीमोग्लोबिन आणि प्राणवायू देऊन बसलेले हीमोग्लोबिन यांचे रंग वेगळे असतात, म्हणून दोन वेगवेगळ्या लांबीच्या प्रकाशलहरी ती वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. कपाळाच्या दोन्ही बाजूंना एकेक चिकटपट्टी लावतात. तिच्या एका टोकाला दिवा असतो, आणि तीन-चार सेंटिमीटर अंतरावर परतणारा प्रकाश टिपणारे दोन डोळे. प्रकाश केळ्यासारख्या वक्र वाटेने आत जाऊन बाहेर येतो. जवळचा डोळा मुख्यतः कातडी आणि हाड पाहतो, लांबचा त्याखालचा मेंदूही पाहतो. एकातून दुसरे वजा केले की मेंदूचा आकडा उरतो. बोटावरचे यंत्र येणाऱ्या रक्तातला साठा मोजते. कपाळावरचे यंत्र मोजते ते रक्त मुख्यतः शिरांमधले, म्हणजे मेंदूने आपला वाटा घेतल्यावर उरलेले. घरात धान्य किती आले हे एकाने सांगावे आणि जेवणे झाल्यावर डब्यात किती उरले हे दुसऱ्याने, तसे हे आहे. म्हणूनच हा आकडा साधारण साठ ते पंचाहत्तर टक्के असतो. धमनीला चिमटा लागला आणि तो झपाट्याने उतरू लागला, तर समजावे की येणे कमी झाले आहे आणि मेंदू उरलेसुरले ओरबाडून घेतो आहे. मूळ आकड्याच्या एक पंचमांश घसरण ही धोक्याची खूण, असा संकेत रूढ झाला.

हा संकेत कितपत खरा? तो तपासण्याची एक सुंदर रीत आहे. ही शस्त्रक्रिया केवळ मान बधिर करून, माणूस जागा ठेवूनही करता येते. जागा माणूस स्वतःच सांगतो की त्याचा मेंदू ठीक आहे. त्याच्या विरुद्ध बाजूच्या हातात दाबल्यावर वाजणारे रबरी खेळणे देतात, आणि भूलतज्ज्ञ त्याच्याशी सतत गप्पा मारीत राहतो. अमेरिकेत अशा शंभर शस्त्रक्रियांचा अभ्यास करून तो २००० मध्ये प्रसिद्ध झाला. दहा वेळा रुग्णांत बिघाड दिसला. त्यांपैकी आठ वेळा यंत्राने इशारा दिला, दोन वेळा ते गप्प बसले. उरलेल्या नव्वद वेळा रुग्ण ठणठणीत होता, तरी सोळा वेळा यंत्राने आरोळी ठोकली. हिशेब मांडा: चोवीस इशाऱ्यांपैकी सोळा खोटे. यंत्र शांत असेल तर बहुधा सारे ठीक असते. पण ते ओरडले म्हणून लगेच नळी घातली, तर तीनांतल्या दोघांना ती विनाकारण घातली जाईल.

आणखीही मर्यादा आहेत. कपाळावर पट्टी आवळून नुसत्या कातडीतले रक्त कमी केले, तरी यंत्राचा आकडा उतरतो. म्हणजे वजाबाकी पूर्ण शुद्ध नाही. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मृतांच्या कपाळावर हे यंत्र लावून पाहिले, तर काहींचा आकडा जिवंत, निरोगी माणसांच्या पंक्तीत बसणारा निघाला. रंगद्रव्य प्रकाश शोषते, त्यामुळे काळ्या-सावळ्या कातडीवर या जातीची यंत्रे चुकण्याचा संभव असतो. बोटावरच्या यंत्राबाबत २०२० मध्ये अमेरिकेत हे ठळकपणे दिसले. ज्या देशात गोऱ्या कातडीची माणसे थोडी, तेथे ही गोष्ट विसरून चालणार नाही. म्हणून आम्ही आकड्यापेक्षा त्याची चाल पाहतो: याच माणसाचा, चिमट्याआधीचा आणि नंतरचा.

आता एक अनुभव सांगतो. रुग्णाच्या अनुमतीने, पण नाव-गाव न सांगता. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त मराठी शिक्षक. डावी धमनी अरुंद झालेली. उजव्या हाताने लिहिणाऱ्या बहुतेक माणसांची वाणी मेंदूच्या डाव्या अर्ध्यात असते, हे आपल्याला ठाऊक असेल. मान बधिर केली. कपाळावर पट्ट्या, उजव्या हातात खेळणे. शल्यचिकित्सक तेलुगुभाषी, परिचारिका मल्याळी, मी मराठी. आम्ही तिघे आपसांत इंग्रजीत बोलत होतो. गुरुजींना मी आदल्या दिवशीच विचारून ठेवले होते, ‘गुरुजी, उद्या काय म्हणून दाखवाल?’ ते हसून म्हणाले, ‘पाढे म्हणतो. उभा जन्म तेच केले.’

चिमटा लागला. डावीकडचा आकडा अडुसष्टचा साठ झाला. ही घसरण बारा टक्क्यांच्याही आत. धोक्याची रेषा चोपन्नच्या जवळपास. रक्तदाब उत्तम. खेळणे सांगितल्याबरोबर वाजत होते. गुरुजींनी बाराचा पाढा संपवून तेराचा धरला. तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस, तेरा त्रिक एकोणचाळीस, तेरा चोक बावन्न. आणि मग, ‘तेरा पंचे… पंचे… पंचे…’ त्याच ठेक्यात, त्याच सुरात, न थांबता. चेहऱ्यावर कसलीही चिंता नाही. परिचारिका म्हणाली, ‘सर, ते छान बोलताहेत.’ तिचे काहीच चुकले नव्हते. ज्याला भाषा येत नाही त्याला तो पाढाच वाटणार. मी विचारले, ‘गुरुजी, तुमच्या गावाचे नाव काय?’ ते म्हणाले, ‘पंचे.’

मी शल्यचिकित्सकांना सांगितले, ‘वाचा गेली.’ त्यांनी पडद्याकडे पाहिले. तेथे साठच होते. क्षणभर त्यांच्या मनात काय आले असेल, ते मी समजू शकतो. पण त्यांनी वाद घातला नाही. मी रक्तदाब औषधाने वाढवला, त्यांनी नळी घातली. दोनएक मिनिटे आम्ही कोणी बोललो नाही. मग पडद्याआडून आवाज आला, ‘पासष्ट. तेरा सक अठ्ठ्याहत्तर. डॉक्टरसाहेब, मधे मी कुठे अडकलो होतो?’ गुरुजी चालत घरी गेले.

यंत्र खोटे बोलले काय? नाही. त्याने कपाळामागच्या मेंदूचे खरे तेच सांगितले. पण वाणीचे केंद्र कपाळाच्या पट्टीखाली नाही. ते बाजूला, कानशिलाच्या दिशेने आहे, आणि त्याचा रक्तपुरवठा वेगळ्या फांदीतून येतो. आम्ही एका खिडकीतून एक खोली पाहत होतो आणि आग दुसऱ्या खोलीत लागली होती. याच्या उलट अनुभवही माझ्या पदरी आहे. एका बाईंचा आकडा पाव हिश्श्याहून अधिक घसरला, आणि त्या नातवंडांची नावे वयासकट घडाघडा सांगत राहिल्या. नळी घातली नाही, आणि काही बिघडले नाही.

मग सर्वांनाच जागे ठेवावे, असे आपण म्हणाल. या प्रश्नावर २००८ मध्ये चोवीस देशांतील ३,५२६ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. पक्षाघात, हृदयविकाराचा झटका किंवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण पूर्ण भुलेत ४.८ टक्के आणि जागेपणी ४.५ टक्के निघाले, म्हणजे जवळजवळ सारखेच. कोणी घाबरतो, कोणाला तासभर उताणे पडवत नाही. अशांना झोपवणेच बरे. आणि झोपलेल्या माणसाला पाढे विचारता येत नाहीत. तेथे यंत्राचा आधार लागतोच.

काही शस्त्रक्रिया तर झोपवल्याशिवाय होतच नाहीत. १९६७ मध्ये झुरिक येथे गाझी याशारगील यांनी सूक्ष्मदर्शकाखाली कानशिलावरची धमनी मेंदूच्या पृष्ठभागावरील धमनीला जोडून मेंदूला नवीच वाट काढून दिली. जाडीने सुतळीएवढ्याच वाहिन्या, आणि टाके केसापेक्षा बारीक धाग्याचे. १९८५ मधल्या मोठ्या चाचणीत सर्वसाधारण रुग्णांना या जोडणीचा लाभ दिसला नाही, म्हणून ती मागे पडली. पण ‘मोयामोया’ नावाच्या विकारात ती आजही उपयोगी पडते. या विकारात मेंदूच्या तळाच्या धमन्या हळूहळू बंद होतात, आणि बारीक वाहिन्यांचे जाळे चित्रात धुरासारखे दिसते. १९६९ मध्ये जपानमधील सुझुकी व ताकाकू यांनी हे धूसरपणासूचक जपानी नाव जगापुढे आणले. अनेक रुग्ण लहान मुले असतात.

येथे कवटी उघडलेलीच असते, म्हणून मेंदूला थेट विचारता येते. लेलंड क्लार्क यांनी १९५० च्या दशकात प्राणवायू मोजणारा विद्युदग्र बनवला. त्याचाच बारीक, तारेसारखा अवतार मेंदूत ठेवला की पेशींच्या भोवतालचा प्राणवायूचा दाब कळतो. निरोगी मेंदूत तो पाऱ्याच्या पंचवीस ते पस्तीस मिलिमीटरच्या आसपास असतो. वीसच्या खाली चिंता सुरू होते. जोडणीसाठी लहान धमनी क्षणभर बांधली की आकडा उतरतो, आणि नवी वाट उघडली की चढतो. तो फार चढला तरी काळजीच असते, कारण वर्षानुवर्षे उपाशी राहिलेल्या मेंदूवर एकदम रक्ताचा लोंढा आला, तर सूज येते, रक्तस्रावही होतो. उपवास सोडताना पहिला घास बेताचा घ्यावा, हे आपल्या आज्या सांगत. मेंदूलाही तो नियम लागू आहे. पण हे साधनसुद्धा तारेच्या टोकाभोवतालच्या चण्याच्या दाण्याएवढ्या जागेचीच वार्ता देते. शेजारच्या दाण्याचे ते काही सांगत नाही.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे. मोजलेच पाहिजे, न मोजता शस्त्रक्रिया करणे म्हणजे अंधारात जिना उतरणे. पण प्रत्येक मापक हा एक साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराने जे पाहिले तेवढेच तो सांगू शकतो. न्याय करताना सगळ्यांची साक्ष काढावी लागते. या शहरातल्या आयोगाने एका साक्षीदारावर निकाल दिला आणि तो अपुरा ठरला. हा धडा आम्हाला पुन्हा पुन्हा शिकावा लागतो.

आणि आता ग्रंथालयाचा संबंध. गुरुजींची वाचा गेल्याचे त्या दिवशी कोणत्याही पडद्यावर उमटले नव्हते. ते कळले, कारण त्या खोलीत तेराचा पाढा येणारा एक माणूस होता. मला मराठी पाढे शाळेने शिकवले खरे, पण या तेलुगु-उर्दूच्या गावात मराठी कानांत वाहती राहिली ती या इमारतीमुळे. दर रविवारी वडिलांचे बोट धरून मी येथे येत असे. पुस्तक बदलून होईपर्यंत मोठ्यांच्या गप्पा ऐकत असे. कोणता शब्द कोठे अडतो आणि कोठे सहज येतो, हे तेथे न शिकवता कळले. त्याचा असा उपयोग होईल, हे ना मला ठाऊक होते, ना वडिलांना.

माझ्यामागून येणारे तरुण भूलतज्ज्ञ माझ्यापेक्षा हुशार आहेत. त्यांना माझी एकच सूचना असते: टेबलावरच्या माणसाची भाषा येत नसेल, तर ती येणारा कोणीतरी त्याच्या उशाशी उभा करा. नातेवाईक चालेल, वॉर्डबॉय चालेल. तो कोणत्याही यंत्राहून कमी मोलाचा नाही. आपल्याला सूचना अशी की, घरातल्या वडीलधाऱ्यांशी रोज बोलत जा. त्यांचा एखादा शब्द अडखळला, भलताच शब्द आला, तर ते प्रथम तुम्हालाच कळेल. आणि कळले की वेळ न दवडता रुग्णालय गाठा.